दुनळीवरचा डाग

पुणे,
शनिवार, रात्री

प्रिय बंड्या,

अण्णांची दुनळी बंदूक माझ्या नावावर झाली. फोन केला असता तर तू "बरं झालं" म्हणून लगेच तुझ्या फाउंड्रीतल्या मोल्डिंगवाल्यांवर ओरडायला लागला असतास, म्हणून पत्र. विषय लोखंडाचा आहे आणि माझ्या ओळखीत लोखंडाला जीव लावणारा तू एकटाच.

वडिलांच्या हयातीत परवाना मुलाकडे येऊ शकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत तशी सोय आहे: परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, की वारसाला अर्ज करता येतो. अण्णा दोन्हीत बसतात. कागद, पडताळणी, पुन्हा कागद, हे सगळं तुला भेटीत सांगेन. तोवर बंदूक एका परवानाधारक दुकानात जमा होती, तिच्याच कॅनव्हासच्या पिशवीत. पिशवीला आतून फेल्ट आहे ना, त्याने पावसाळ्यांची ओल धरून ठेवली. पुण्याचा जुलै-ऑगस्ट तुला माहीतच आहे, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

डाग सगळीकडे आहेत, पण सगळे सारखे नाहीत. उजव्या नळीवर नुसते तपकिरी ठिपके होते. पातळ तेल लावून रात्रभर ठेवलं, सकाळी चार शून्यांच्या स्टील वूलने हलक्या हाताने फिरवलं, आणि ते गेले. (बोहरी आळीत ही वूल मागितली तर पहिल्या दोन दुकानांत भांडी घासायची तार पुढे केली. तिने ओरखडे पडतात.) हट्टी ठिपक्यांना तांब्याची पट्टी तिरकी धरून खरवडलं. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे गंज निघतो आणि नळीला लागत नाही. नळ्यांच्या आत शिशाच्या आणि काडतुसातल्या प्लास्टिक बुचाच्या (वॉडच्या) राखाडी रेघा होत्या, त्या सॉल्व्हंट आणि पितळी ब्रशने सुटल्या. उजेडाकडे धरून पाहिलं, आत खड्डे दिसत नाहीत. तरी कारागिराने मोजून पाहिल्याशिवाय तिच्यात काडतूस घालणार नाही, काळजी करू नकोस.

आता डावी नळी. अण्णा जिथे हात धरायचे त्याच्या थोडं पुढून वीतभर लांबीचा डाग आहे. कडेला तांबूस, मध्ये जवळजवळ काळा, बोट फिरवलं की मखमलीसारखा खरखरीत लागतो. तेल झालं, वूल झाली, तांबं झालं. रंग जरा उतरला, डाग तिथेच.

घरात सल्ल्यांना तोटा नाही. आई म्हणते चिंच-मीठ लाव. हिने पितांबरी काढून ठेवली. आणि तू इथे असतास तर काय म्हणाला असतास तेही मला ठाऊक आहे: "ॲसिड!" बंड्या, येझदीचा सायलेन्सर मी विसरलेलो नाही. संडास साफ करायचं ॲसिड लावून अख्खं क्रोम घालवलंस आणि वर मलाच पटवत होतास की कंपनीतूनच असं मॅट फिनिश येतं! मेटलर्जीचा विद्यार्थी! बंदुकीचा निळसर काळा रंग म्हणजेसुद्धा लोखंडाचा ऑक्साइडच. ॲसिडला काय कळणार कुठला ऑक्साइड ठेवायचा आणि कुठला खायचा? चिंचेचंही तेच.

इथल्या एका कारागिराला दाखवली. तो म्हणाला, "साहेब, बफ मारून हॉट ब्ल्यूइंग करून देतो, शोरूममधून आणल्यासारखी दिसेल." मी नको म्हटलं. एक तर बफ मारला की कडा गोल होतात आणि खालच्या सपाट भागावरचे बर्मिंगहॅमचे प्रूफ मार्क, म्हणजे तपासणीचे शिक्के, पुसट होतात. त्या शहराचं प्रूफ हाउस १८१३ पासूनचं. ही नळी तिथे जास्त दाबाचं काडतूस उडवून तपासलेली आहे, याचा तेवढाच पुरावा बंदुकीवर आहे. दुसरं, ते हॉट ब्ल्यूइंग म्हणजे निळसर काळा रंग चढवायचं कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं उकळतं द्रावण, १४० अंशांच्या आसपास. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधल्या लांब पट्ट्या, म्हणजे रिब, शिसं-कथलाच्या डाखाने जोडलेल्या असतात. त्या उष्णतेत डाख वितळत नाही, पण कॉस्टिक त्याला हळूहळू खातं. बंदूक चकचकीत दिसेल आणि रिब सुटून हातात येईल.

तर मी ठरवलंय नळ्या उकळायच्या. हसू नकोस. साध्या डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळलं की तांबडा गंज मॅग्नेटाइटमध्ये बदलतो, म्हणजे काळा होतो आणि लोखंडाला धरून बसतो. वर जी काळी भुकटी सुटते ती तेल काढून टाकलेल्या वूलने पुसायची, मग वाळवून तेल. जुने कारागीर दुनळीला मुळात काळी करायचे तेही असंच, मुद्दाम गंजवायचं आणि उकळायचं, पुन्हा पुन्हा. डाग खरवडून काढायचा नाही, त्याचाच रंग करायचा. १०० अंशांत डाखाला काही होत नाही. नळाचं पाणी चालत नाही, क्षारांचे ठिपके उठतात. नळ्या मावतील अशी पत्र्याची लांब ट्रेसुद्धा करून आणलीय. बॉडीला मात्र हात लावणार नाही. तिच्यावर केस हार्डनिंगचे, म्हणजे वरचा थर कडक करताना उमटलेले, ते निळे-तपकिरी ढग आहेत, तो थर अगदी पातळ असतो. तिथे फक्त तेल आणि सुती फडकं.

आता जिथे अडलंय ते सांगतो. रिबखाली, दोन नळ्यांच्या मधे, पोकळी असते. डाख कुठे उघडला असेल तर उकळतं पाणी आत शिरेल आणि मग आतून गंजत राहील, कुणाला दिसणारही नाही. म्हणून नळ्या हुकात दोरी अडकवून टांगल्या आणि बोटाच्या पेराने टिचकावल्या. डाख शाबूत असेल तर स्वच्छ, लांब नाद यायला हवा. नाद येतो. पण त्याच्या शेपटाला बारीक झणझण आहे असं मला वाटतं. कधी वाटते, कधी नाही. ही म्हणते छान वाजतंय. अण्णांना हल्ली टीव्हीच ऐकू येत नाही. तू शिरोलीत रोज कास्टिंगवर टकटक करून तडा ओळखतोस. हे तुझ्या कानाचं काम आहे.

अण्णा रोज विचारतात, "डाग गेला का?" वेल्ह्याच्या शेतात रानडुकरांसाठी रात्री हवेत बार काढायचे, तरी झोपायच्या आधी ती बंदूक शिलाई मशीनच्या तेलाने पुसलेली असायची. आपण कंदील धरायचो, आणि तो तिरका धरला म्हणून तू बोलणी खायचास. जमीन गेली. त्या दिवसांतली आता ही एवढीच वस्तू घरात आहे आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत नीट व्हावी असं मला फार वाटतं.

आमची तब्येत ठीक. माझा गुडघा आहे तसाच, अण्णांची शुगर आटोक्यात. चिनूच्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला, त्याला सांग. वहिनींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? भट्टीच्या वीजबिलाचं काय झालं तेही सांग.

पुढच्या रविवारी ये. बंदूक घेऊन मी कोल्हापूरला येत बसण्यापेक्षा ते सोपं. कास्टिंग वाजवायचा तुझा तो छोटा लाकडी हातोडा आण, पेराने नीट कळत नाही. रविवारी समोरच्या बिल्डिंगचं काम बंद असतं, तेव्हा आवाज व्यवस्थित ऐकू येईल. तू हो म्हणालास तरच ट्रे गॅसवर चढवेन.

तुझा,
रम्या