छकुलीचे पुरळ

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेला छकुलीचा फोटो मी चष्मा लावून, मोठा करून दोनदा पाहिला. लाली आहे ती कुल्ल्यांवर आणि मांड्यांच्या फुगीर भागावर, म्हणजे डायपर जिथे चिकटून बसतो तिथे. जांघांच्या घड्या मात्र स्वच्छ दिसतात. ते पाहून माझी काळजी निम्मी झाली, कारण हे साधे पुरळ दिसते आणि नेटाने काळजी घेतली तर दोन-तीन दिवसांत ओसरू लागते. फोनवर सांगायला गेले की तू "हो, हो" म्हणतोस आणि अर्धे विसरतोस, म्हणून लिहून पाठवते आहे. सूनबाईंची रजा संपल्यापासून दिवसभर छकुलीचे तूच पाहतोस, तेव्हा पत्रही तुलाच.

मूळ कारण ओलावा. ओली कातडी मऊ पडते आणि घर्षणाने सोलवटते. त्यात शू आणि शी एकत्र राहिली की अमोनिया तयार होतो, त्वचेची स्वाभाविक आम्लता घटते आणि शीमधली पाचक द्रव्ये जोर धरून त्या कोवळ्या त्वचेलाच इजा करू लागतात. म्हणून शी झाली की लगेच, आणि एरवीही दर दोन-तीन तासांनी डायपर बदलावा. "अजून भरला नाही" हा हिशेब पैशाचा झाला, कातडीचा नव्हे.

पुरळ असेपर्यंत सुवासिक वाइप्स बाजूला ठेव. कोमट पाणी आणि कापूस पुरे. पुढून मागे पुसावे, आणि नंतर मऊ सुती फडक्याने घासू नये, टिपावे. मग दहा-पंधरा मिनिटे तिला दुपट्यावर तशीच मोकळी खेळू दे. दुपटे भिजेल, भिजू दे. त्यानंतर झिंक ऑक्साइडचे मलम लावायचे, तेही पोळीला तेल फिरवतो तसे पुसटसे नव्हे, तर भिंतीला गिलावा करतात तसे जाड. पुढच्या वेळी तो सगळा थर खरवडून काढू नकोस. वरचा मळलेला भाग तेवढा टिपून घे आणि त्यावरच पुन्हा लाव.

पावडर मात्र अजिबात नको. तू आठ महिन्यांचा असताना कान दुखतो म्हणून तुला प्रतिजैविक दिले होते. त्याने जुलाब झाले, पुरळ उठले आणि मी भरपूर पावडर थापली. घड्यांमध्ये तिच्या ओल्या गुठळ्या झाल्या. शिवाय ती बाळाच्या श्वासात जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मग औषधाच्या दुकानातून विचारून एक मलम आणले. दोन दिवसांत लाली गेली आणि चौथ्या दिवशी दुप्पट होऊन परतली. डॉक्टरांनी पाहिले तेव्हा कळले की ती बुरशी होती आणि मलमात स्टेरॉइड होते; ते वरची लाली तेवढी दाबते, आत बुरशी मात्र वाढतच राहते. घड्यांच्या आतपर्यंत गडद लाली आणि कडेने बारीक लाल ठिपके, ही तिची खूण मी तेव्हापासून विसरलेले नाही. तसे दिसले, फोड, पू किंवा रक्त आले, ताप चढला, अथवा तीन दिवसांत उतार पडला नाही, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जा. दुकानदाराच्या सल्ल्याने काही लावू नकोस.

लंगोट बांधला की पुरळ येतच नाही, असे आमच्या पिढीच्या बायका ठासून सांगतात. ते खरे नाही. सुती लंगोट ओला होताच बदलला नाही तर तोही तितकाच त्रास देतो, आणि साबण नीट निघाला नसेल तर अधिकच. तरी रात्रीपुरता डायपर आणि दिवसा लंगोट असे करून पाहा. माझ्या जुन्या सुती साडीचे बारा लंगोट शिवून, दोनदा खळबळून, उन्हात वाळवून पार्सलने पाठवले आहेत.

उद्या सकाळी पुन्हा फोटो पाठव, पण दिव्याखाली नको, खिडकीच्या उजेडात काढ.

तुझी,
आई