विषय: पायथन कोर्समधला चुकीचा लूप आणि फीचा परतावा

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार. मेंटेनन्सचा हिशेब हाताने करून कंटाळलो, म्हणून २,४९९ रुपये भरून तुमचा पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा कोर्स घेतला. त्यातल्या नवव्या धड्यात यादीतून नको ती नावं गाळायला शिकवलंय: यादीवर ‘फॉर’ फिरवायचा, म्हणजे एकेक नाव घेत जाणारा लूप, आणि त्याच फेरीत नको ते नाव ‘रिमूव्ह’ करायचं, म्हणजे यादीतून काढायचं. मी तसंच्या तसं उतरवलं, पैसे भरलेले फ्लॅट गाळले आणि उरलेल्यांना थकबाकीची नोटीस धाडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ३०२ मधल्या काकू पावती घेऊन दारात. पावतीवर सही माझीच!

३०१ आणि ३०२, दोघांनीही पैसे भरले होते. रांगेतला एक निघाला की मागचे पुढे सरकतात, तसं ३०१ गाळल्यावर ३०२ त्याच्या जागी आला. लूप तोवर पुढच्या जागेवर पोचलेला, तिथे त्याला ३०३ दिसला. ३०२ तपासलाच गेला नाही. एरर आली असती तर निदान कळलं तरी असतं. तुमच्या व्हिडिओत पाच नावं आहेत आणि गाळायचं एकच, म्हणून तिथे उत्तर बरोबर येतं. खरं तर एका ओळीचं काम: न भरलेल्यांची नवी यादी करायची, जुनीला हात लावायचा नाही.

तुमच्याकडे विचारलं तर उत्तर आलं, “आउटपुट येतंय ना सर?” येतंय. काकूंच्या घरी आलं.

आणखी एक. कोर्सभर ‘फॉर आय इन रेंज लेन’चा जप आहे, म्हणजे यादीतल्या जागांचे क्रमांक मोजत फिरायचं. सरांचा हात सी भाषेवर बसलेला असावा, तिथे असंच क्रमांकाने फिरतात. अहो, ‘फॉर फ्लॅट इन यादी’ एवढं पुरतं, आणि वाचणाऱ्यालाही कळतं. अनुक्रमांक हवाच असेल तर ‘एन्युमरेट’ आहे, पायथन २.३ पासून, म्हणजे २००३ पासून. सदस्य आणि रक्कम अशा दोन याद्या जोडीने फिरवायला ‘झिप’ त्याहून जुनं. दोन्हींचा कोर्समध्ये उल्लेखही नाही.

धडा दुरुस्त करून आधीच्या विद्यार्थ्यांनाही कळवावं आणि माझी फी परत करावी. परताव्याची सात दिवसांची मुदत सांगू नका. चूक दिसायला नोटिसा निघाव्या लागल्या. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन.

फीची पावती आणि माझा कोड सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक