बाबांची डेअरीची वही

प्रिय लंब्या,

तुझे चार व्हॉइस मेसेज आले, चारी ऐकले, रिप्लाय केला नाही म्हणून शिव्या घालू नको. फोनवर बोलायला लागलो की आई दारात येऊन उभी राहते, मग मी नुसतं 'हां, बरं आहे' म्हणतो आणि तुला वाटतं खरंच बरं आहे. म्हणून टाइप करायलोय. बोटांच्या टोकांना सारख्या मुंग्या असतात, शर्टाची बटणं अजून बायकोच लावते, त्यामुळं चुका झाल्या तर समजून घे.

सुरुवात तुला अर्धीच माहीत आहे. नवरात्राच्या आधी रताळी काढायची गडबड होती, मी उद्यमबागेतल्या कारखान्यातनं सुटी घेऊन शेतात होतो, आणि पायावर बारीक लाल ठिपके दिसले. म्हटलं गवत लागलं असेल. दात घासताना रक्त, जिना चढला की धाप, रात्री ताप, आठ दिवस क्रोसिन खाल्ली बघ. मग वडगावात सीबीसी केला तर लॅबवाल्यानं रिपोर्ट हातात न देता दादाला फोन लावला. प्लेटलेट १४ हजार. नॉर्मल माणसाला दीड लाखाच्या वर असतात. पांढऱ्या पेशी ६८ हजार, आणि त्या पण सगळ्या कच्च्या, ब्लास्ट म्हणतात त्यांना. कमरेच्या हाडातनं मॅरो काढला (भूल देतात, पण ओढताना जे होतं ना, ते पायापर्यंत जातं, लेथवर बसून मी जेवढी भोकं पाडली त्या सगळ्यांचा हिशोब झाला म्हण). एएलएल निघाला, रक्ताचा कॅन्सर. लहान मुलांना जास्त होतो म्हणे, मला ३६ व्या वर्षी.

आता बाबांचं सांगतो, कारण हे पत्र त्यांच्यासाठीच लिवायलोय खरं तर. तुला माहीतच आहे आमचं दोघांचं. २२ वर्षं दूध सोसायटीत माप घेतलं माणसानं, घरी आला की रेडिओ आणि गप्प. माझ्याशी बोलणं म्हणजे 'मोटर बंद केलास काय' एवढंच. ॲडमिट झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी आले ते डेअरीची जुनी लांबडी वही घेऊन. कोरी पानं उरली होती. लिटर, फॅट, एसएनएफ असे रकाने छापलेले, त्याच्यावर पेनानं काट मारून डब्ल्यूबीसी (पांढऱ्या पेशी), हिमोग्लोबिन, प्लेटलेट. शेरा म्हणून जो रकाना होता त्यात ताप. रोज सकाळी सिस्टर रक्त घेऊन गेली की हे कॉरिडॉरमध्ये बसून रिपोर्टची वाट बघणार, जसं टँकर यायची वाट बघायचे. आठवड्याभरानं राउंडला आलेले डॉक्टर फाइल उघडायच्या आधी बाबांची वही मागायला लागले, खोटं नाही.

आईचं वेगळंच. पांढऱ्या पेशींचे काउंट पडले की कच्चं काही चालत नाही, कोशिंबीर नाही, घरचं दही नाही, खोलीत फूल पण ठेवायचं नाही. बाहेरनं कपिलेश्वराचा प्रसाद आला तो पण परत. तिला वाटलं देवच बंद केला. मग सगळं कुकरमध्ये शिजवून गरम गरम डब्यात, येळ्ळूरहून दोन वेळा, दादाच्या गाडीवर. आणि भूक कसली रे! स्टेरॉइडची भूक म्हणजे रात्री दोन वाजता पिठलं-भाकरी पाहिजे, नाहीतर मी रडायलोय, खरंच रडायलोय, ३६ वर्षांचा घोडा. बायको शांतपणे सांगायची, 'डबा आहे, ऊठ.' कुंदा मात्र एक तुकडा दिला नाही कुणी, त्याच गोळ्यांनी शुगर ३०० च्या वर गेलती, इन्सुलिन चालू. बेळगावात राहून सहा महिने कुंदा नाही, ह्याला काय अर्थ आहे.

केस तिसऱ्या आठवड्यात उशीवर यायला लागले. दादानं मोबाइलवर काय व्हिडिओ बघितले की, म्हणतो मी पण तासतो डोकं, तुला सोबत. आई जी ओरडली! बाप समोर धडधाकट बसलाय आणि दोन्ही पोरं मुंडन करून उभी राहणार? दादाचं तोंड बघायसारखं झालतं, त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं हे. माझे केस काढताना बाबा खोलीबाहेर गेले. परत आले तेव्हा एवढंच म्हणाले, 'कोण विचारलं तर तिरुपतीला जाऊन आलो म्हणून सांग.'

औषधांची नावं मी पाठ केलीत. आठवड्याला एक सुई असते व्हिंक्रिस्टिन, तिच्यामुळंच ह्या मुंग्या. ती सदाफुलीपासनं काढतात हे तुला माहीत होतं काय? आपल्या तुळशीजवळ जी जांभळी फुलं येतात तीच. मी चुकून आईला सांगितलं. झालं, शेजारच्या काकूंनी पाल्याचा रस काढून पाठवला. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला, म्हणाले किलोकिलो पाल्यातनं चिमूटभर औषध निघतं, रस पिऊन विषबाधा तेवढी होईल. रस मोरीत ओतला. आई आता सदाफुलीला पाणी घालून हात जोडते, त्याला कुणाची ना नाही. दुसरं एक पाठीच्या मणक्यातनं देतात, मेथोट्रेक्सेट, कारण हा रोग मेंदूच्या पाण्यात लपून बसतो. व्हिंक्रिस्टिन चुकून मणक्यात गेलं तर माणूस जातो, म्हणून द्यायच्या आधी दोन सिस्टर माझं नाव आणि औषधाचं नाव मोठ्यानं वाचतात. गोकाककडची एक सिस्टर होती, प्रत्येक वेळी 'अंजब्याड्री अण्णा' म्हणायची, म्हणजे घाबरू नका, आणि अंजणारे बाबा असायचे.

मेथोट्रेक्सेटच्या आधीचं तसलंच औषध यल्लाप्रगडा सुब्बाराव म्हणून आंध्रच्या माणसाच्या टीमनं अमेरिकेत बनवलं, १९४८ च्या सुमारास बोस्टनमध्ये ल्युकेमियाच्या पोरांना पहिल्यांदा देऊन बघितलं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, 'शाळेत का शिकवलं नाही तुमाला हे?' मी काय सांगू.

सगळ्यात वाईट रात्र ती, घरी असताना १०१ ताप. इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काउंट पाचशेच्या खाली असले आणि ताप १००.४ गेला की तासाभरात हॉस्पिटल गाठायचं असतं, गोळी खाऊन झोपायचं नसतं. निघालो तर रेल्वेच्या दुसऱ्या गेटला मालगाडी. दादा हॉर्न मारायलाय, मालगाडी काय ऐकते? बाबा टॉर्च लावून वहीत टाइम लिहीत होते. त्या वेळी प्लेटलेट सहा हजार होत्या. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, त्यामुळं दर वेळी ताजा माणूस शोधायचा, मशीनवर तासभर तरी झोपवायचा. उद्यमबागेतली पोरं आली, शिफ्ट सोडून. एक पोरगा अथणीचा, मराठीचा एक शब्द येत नव्हता, बाबा त्याच्याशी डेअरीच्या कन्नडमध्ये म्हशींवर बोलत बसले तासभर. मला कधी एवढं बोललेले आठवत नाहीत.

पैशाचं दादालाच माहीत. कार्ड, झेरॉक्स, सही, परत झेरॉक्स. बीपीएलला आयुष्मान-आरोग्य कर्नाटकमध्ये वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, आपलं कार्ड एपीएल, म्हणजे पॅकेजच्या ३० टक्केच. महाराष्ट्रानं २०२३ ला आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले आरोग्य योजना लागू केली म्हणून तिकडंही कागद घेऊन गेला. आपण कुणाचे हे ठरेपर्यंत बिल काय थांबत नाही. वैनींनी पाटल्या मोडल्या हे मला दिवाळीनंतर कळलं. अजून त्यांच्या हाताकडं बघवत नाही मला.

औषधांचा पहिला राउंड संपला, परत मॅरो. ब्लास्ट ५ टक्क्यांच्या खाली आले की रेमिशन म्हणतात, माझे २. सगळे हसायलेत, बाबा गप्प. 'शून्य का नाही?' डॉक्टर म्हणाले थोडे नॉर्मल माणसातही असतात, खरं कळतं एमआरडी टेस्टमध्ये, ती दहा हजारांत एक कॅन्सरची पेशी पण पकडते. हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा बदलला, 'म्हणजे तुमचा लॅक्टोमीटर आमच्यापेक्षा बारीक आहे.' टेस्ट निगेटिव्ह आली. मग मी चिडलो, सगळं स्वच्छ आहे तर अजून दोन-अडीच वर्षं औषध कशाला? तर बाबा म्हणाले, 'कॅन धुतला तरी कडेला एक थेंब राहतो. दिसत नाही. सकाळी सगळं दूध नासतं.' एवढंच. डॉक्टरांनी अर्धा तास चित्र काढून सांगितलेलं मला ह्या तीन वाक्यांत कळलं. आता रात्री एक गोळी रोज, मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातनं एकदाच, रविवारी, आणि ती रोज घ्यायची नाही म्हणून बाबांनी डबी स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवलीय.

संध्याकाळी मी आणि बाबा राजहंसगडाच्या रस्त्यानं पुलापर्यंत चालतो. ते रेडिओ घेतात, मी मास्क. बोलतो थोडं. परवा त्यांनी विचारलं, लेथवर तू नक्की काय करतोस रे. १४ वर्षं झाली मला तिथं.

गणपतीला ये. सर्दी असली तर उंबऱ्याच्या बाहेरच थांबवतील तुला, आई कुणाला सोडत नाही. आणि तुझा ब्लड ग्रुप काय आहे ते लगेच कळव, बाबा तीनदा विचारायलेत. वहीच्या मागच्या पानावर सगळ्यांची नावं आहेत, तुझ्या नावापुढं रकाना रिकामा आहे.

तुझा,
बुटक्या