फाईल कशी हलते, हे कोण शिकवणार?

संपादक महोदय,

७ नोव्हेंबरला राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिन झाला. तंबाखू सोडा, वेळेवर तपासून घ्या, असं सगळीकडे छापून आलं, यायलाच हवं. दुसऱ्या दिवशी कर्करोगावर संशोधन करणाऱ्या शास्त्रज्ञ डॉ. कमल रणदिवे यांची जयंती होती, ती मात्र कुणाला फारशी आठवली नाही. मी शास्त्रज्ञ नव्हे. एका संशोधन संस्थेच्या लेखा आणि खरेदी विभागात २९ वर्षं काढून निवृत्त झाले. कर्करोगावर काम करणाऱ्या मुलांच्या फायली माझ्या टेबलावरून जायच्या. त्यांच्याबद्दल लिहायचंय, आणि माझ्या एका चुकीबद्दलही.

परदेशातून परतलेली एक मुलगी आमच्याकडे नव्यानं रुजू झाली होती. तोंडाच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, हे तिचं काम. त्यासाठी लागणारं सीरम, म्हणजे पेशींना पोसणारा द्रव, परदेशातून येतं आणि उणे २० अंशांत ठेवावं लागतं. एकाच कंपनीचं का हवं, याचा दाखला तिनं जोडला नव्हता. मी फाईल परत पाठवली. तिनं कोऱ्या कागदावर दीड पान शास्त्र लिहून दिलं. मी पुन्हा परत पाठवली, कारण विहित नमुना नव्हता. तो नमुना माझ्याच खणात होता! उठून दिला असता तर दोन मिनिटांचं काम. पण गरजवंतानं विचारायला यायचं ही आमची रीत, आणि असा काही नमुना असतो हेच तिला ठाऊक नव्हतं.

यात तीन आठवडे गेले. माल सहार विमानतळाच्या कार्गोत उतरला तो नेमका दिवाळीच्या तोंडावर, शुक्रवारी. सीमाशुल्क सवलतीच्या कागदावर सही राहिली होती आणि साहेब सुट्टीवर. खोकं हातात आलं तेव्हा थर्माकोलमध्ये कोरड्या बर्फाचा खडाही उरला नव्हता, बाटल्या हाताला कोमट लागत होत्या. ती काही बोलली नाही. खोक्याची चिकटपट्टी पुन्हा नीट दाबून लावत राहिली.

जून २०२५मध्ये केंद्रानं वैज्ञानिक संस्थांचे खरेदी नियम सैल केले. कोटेशनशिवाय करायच्या खरेदीची मर्यादा १ लाखावरून २ लाखांवर नेली. उत्तमच. पण नियम सैल झाले म्हणून फायलीवरचं टिपण लिहिता येत नाही. रसायनांच्या शीर्षाखालचा पैसा उपकरणावर खर्च झाला की उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, अडतं, ते अडलं की अनुदानाचा पुढचा हप्ता अडतो, आणि हप्ता अडला की प्रकल्पावरच्या जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधक, मुलाचे महिन्याचे ३७,००० रुपये. खोलीचं भाडं काही थांबत नाही. "ताई, आमचं काय झालं?" असं दारात उभं राहून विचारणारी मुलं मी दर मार्चएंडला पाहिली आहेत.

कमलताईंना डॉ. खानोलकरांसारखे गुरू लाभले. त्यांच्या हाताखाली १९४९ साली पीएच.डी., मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून परत येऊन मुंबईत ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा. आजच्या मुलांनाही गाईड असतो, पण त्याच्याच हातात त्यांचा गोपनीय अहवाल असतो. त्याला काय काय विचारणार? 'इथं असंच चालतं' एवढं उत्तर मात्र लगेच मिळतं.

संस्थांनी एवढं तरी करावं : रुजू होताना प्रत्येकाला त्याचा स्वतःचा वरिष्ठ नसलेला, दुसऱ्या विभागातला एक अनुभवी शास्त्रज्ञ नेमून द्यावा. आणि लेखा विभागातलं एक माणूसही, नाव आणि एक्स्टेन्शन नंबरासकट. माणसं कमी पडत असतील, तर आम्ही निवृत्त मंडळी घरी बसून शब्दकोडी सोडवतोच आहोत. मानधन नको, लोकलचा पास द्या. माझे मंगळवार आणि गुरुवार मोकळे असतात.

– एक निवृत्त लेखा कर्मचारी, डोंबिवली (पूर्व)