आजींच्या बांगड्या

चि. सई,

अनेक आशीर्वाद.

थँक्सगिव्हिंगला तू घरी आलीस, त्या रात्रीचं बोलणं अजून डोक्यातून जात नाही. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीतल्या सी-प्लसबद्दल तू तासभर बोललीस. आणि उठता उठता, ताट सिंकमध्ये ठेवताना, त्या आजींची गोष्ट दोन मिनिटांत सांगून टाकलीस.

तुझ्या अॅम्ब्युलन्स स्क्वॉडला कॉल आला होता. स्वयंपाकघरात पाय घसरून पडलेल्या आजी, घरातले सगळे कामावर, इंग्रजीचा शब्द येत नाही. मनगट सुजत चाललेलं. स्प्लिंट, म्हणजे आधाराची पट्टी, बांधण्याआधी बांगड्या काढायलाच हव्या होत्या, नाहीतर सूज वाढल्यावर त्या रुतल्या असत्या. तुझा जोडीदार कापायचं हत्यार काढतोय हे बघून आजी हात मागे घेऊन रडायला लागल्या. तू खाली बसलीस, म्हणालीस, "आजी, कापत नाही. साबण लावते, हळूच निघतील." एकेक करून चार काचेच्या आणि एक सोन्याची काढलीस आणि त्यांच्याच पदराच्या टोकाला गाठ मारून दिलीस. मी नाव विचारलं, गाव विचारलं, तर म्हणालीस, "बाबा, ते सांगायचं नसतं." फार बरं वाटलं मला ते ऐकून.

आणि मग तूच म्हणालीस, फॉर्ममध्ये लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

मेडिकल स्कूलच्या त्या अर्जात 15 अनुभवांची जागा असते, त्यातले 3 सर्वांत महत्त्वाचे म्हणून निवडायचे, हे तूच मला समजावलं होतंस. प्रत्येकाला 700 अक्षरं, त्या तिघांना आणखी 1325. आमच्या वेळी असं काही नव्हतं. 1991 साली बारावीच्या पीसीबीचे मार्क हाच आमचा सगळा अर्ज. माझे तीन मार्क कमी पडले आणि मी बी. फार्म.ला गेलो. त्या तीन मार्कांचं ओझं मी फार वर्षं वागवलं, सई, आणि नकळत ते तुझ्या पाठीवर ठेवलं. तू शाळेत असताना नाटकात काम करायचीस तेव्हा, कॉलेजात फळमाश्यांच्या लॅबमध्ये जायला लागलीस तेव्हा, माझा प्रश्न एकच असायचा: "याचा अॅडमिशनला उपयोग होईल का?" तो प्रश्न चुकीचा होता. मी तो मागे घेतो.

त्या माश्यांचंच बघ. 1910 साली कोलंबिया विद्यापीठात आनुवंशिकतेचा अभ्यास करणाऱ्या थॉमस हंट मॉर्गनना लाल डोळ्यांच्या माश्यांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला, हे मी बारावीला घोकलं होतं. आकृती काढली, मार्क मिळवले. माशी कधी पाहिली नाही. तू दोन सेमिस्टर त्यांना कार्बन डायऑक्साइडने झोपवून, बारीक ब्रशने एकेक बाजूला सारत मोजल्यास. एकदा ट्रे पालथा झाला आणि दहा दिवसांची पिढी वाया गेली, तेव्हा रात्री फोनवर रडलीस आणि सकाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंस. मला तर ही डॉक्टरकीचीच तयारी वाटते.

एमकॅट, ती मेडिकलची प्रवेश परीक्षा, सोपी आहे असं मी म्हणत नाही. चार विभाग, 230 प्रश्न, सकाळी बसलं की दुपार होते, अभ्यास लागणारच. ऑर्गॅनिकसाठी ट्यूटर लाव, पैशांची काळजी माझी. एक वर्ष थांबून मग अर्ज केलास तरी चालेल, कितीतरी मुलं तसंच करतात. आईलाही हेच वाटतं, तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय. पण मार्कांसाठी स्क्वॉड सोडू नकोस. महिन्यातून एकच रात्र जमली तरी जा. आणि त्या तीन जागांपैकी एक आजींच्या बांगड्यांना दे, नावगाव न घेता. साबणाचं मात्र नक्की लिही.

शनिवारी मी तिकडे येतोय. थंडी वाढलीय, तुझ्या गाडीचे पुढचे टायर गुळगुळीत झालेत हे तू निघालीस तेव्हा मी पाहिलं होतं. ते बदलून घेऊ, म्हणजे रात्रीच्या ड्यूटीला बर्फात जाताना मला घोर नको. आईने मेथीचे ठेपले आणि लसणाची चटणी बांधून ठेवलीय. रूममेटसाठी वेगळा डबा आहे.

तुझा,
बाबा