एका वाद्यवृंदाच्या पाठीराख्यांचे स्मरण

महोदय,

स्वित्झर्लंडमधील बाझल चेंबर ऑर्केस्ट्रा या छोटेखानी वाद्यवृंदाची स्थापना १९२६ साली झाली. त्याच्या शताब्दीच्या निमित्ताने त्याचे संस्थापक, संचालक (वादकांसमोर उभे राहून वादनाचे नेतृत्व करणारे) आणि आयुष्यभराचे पाठीराखे पॉल झाखर (१९०६–१९९९) यांच्याविषयी लिहावेसे वाटले. त्यांच्यावरील लेखनात पुष्कळदा संगीताच्या आधी त्यांच्या संपत्तीचा उल्लेख येतो आणि एका धनिकाने हौसेखातर वाद्यवृंद पोसला, असा वाचकाचा समज होतो.

हा समज कालक्रमाशीच जुळत नाही. ऑर्केस्ट्रा उभा राहिला तेव्हा झाखर अवघे वीस वर्षांचे होते आणि घरची परिस्थिती साधीच होती. रोश या औषध कंपनीच्या संस्थापकाची विधवा सून माया होफमान यांच्याशी त्यांचा विवाह झाला तो १९३४ साली. तोपर्यंत वाद्यवृंदाची दिशा ठरून गेली होती. एकोणिसाव्या शतकातील लोकप्रिय संगीत मोठ्या वाद्यवृंदांकडे सोपवायचे आणि आपण एका बाजूला त्याआधीच्या काळातील विस्मरणात गेलेल्या रचना, तर दुसऱ्या बाजूला हयात संगीतकारांचे नवे लेखन वाजवायचे, असा तो निश्चय होता. श्रोत्यांची गर्दी खेचणारा हा मार्ग नव्हे, हे संगीताशी संबंध असलेल्या कोणालाही सहज कळेल.

पुढे पैसा हाताशी आला, तेव्हाही त्यांनी वाद्यवृंदाचा पसारा वाढवला नाही. त्याच्या मापाच्या नव्या रचना मोठमोठ्या संगीतकारांकडून मागून घेतल्या. मला त्यांच्या कार्यात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. वाद्यवृंदाच्या दहाव्या वर्षाच्या निमित्ताने त्यांनी हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक यांच्याकडे मागणी केली आणि तंतुवाद्ये, तालवाद्ये व चेलेस्टा (घंटेसारखा नाद देणारे, पट्ट्यांचे छोटे वाद्य) यांच्यासाठीची ती प्रसिद्ध रचना २१ जानेवारी १९३७ रोजी झाखर यांच्याच संचालनाखाली बाझलमध्ये प्रथम वाजली. तिच्यात तंतुवादकांचे दोन गट रंगमंचाच्या दोन बाजूंना बसतात आणि त्यांच्यातील देवाणघेवाणीतून संगीत उलगडत जाते. १९३९ च्या उन्हाळ्यात झाखर यांनी बार्टोक यांना साआनेन या डोंगराळ गावातील आपल्या घरी राहायला बोलावले. स्वयंपाकाची सोय केली, बर्नहून पियानो मागवून ठेवला, आणि स्वतः मात्र दूर राहून सगळी काळजी घेतली. जुन्या काळी एखाद्या आश्रयदात्याकडे पाहुणा म्हणून राहिलेल्या वादकासारखे आपल्याला वाटते, अशा आशयाचे पत्र बार्टोक यांनी तेथून आपल्या मुलाला लिहिले. युद्धाचे सावट गडद होत असताना, पंधरा दिवसांत, तंतुवाद्यांसाठीची ‘दिव्हेर्तिमेंतो’ ही रचना तेथे लिहून पूर्ण झाली. संगीतकाराला एकांत हवा असतो, हे ओळखणारा यजमान विरळाच.

जर्मन संगीतकार रिखार्ड स्ट्राउस यांची ‘मेटामॉर्फोझेन’ ही रचनाही झाखर यांच्या मागणीतूनच पूर्णत्वाला गेली. तेवीस तंतुवादक आणि प्रत्येकाला स्वतंत्र स्वरओळ, अशी तिची मांडणी आहे. म्हणजे दहा व्हायोलिन, पाच व्हिओला, पाच चेलो आणि तीन डबल बास यांपैकी कोणालाही शेजाऱ्याच्या आवाजात लपता येत नाही. जानेवारी १९४६ मध्ये झ्युरिकला, झाखर यांच्याच दुसऱ्या वाद्यवृंदाबरोबर, शेवटची तालीम वृद्ध स्ट्राउस यांनी स्वतः घेतली आणि पहिले जाहीर वादन झाखर यांनी संचालित केले. होनेगर, मार्टिनू, स्ट्राविन्स्की या संगीतकारांकडूनही त्यांनी अशाच रचना लिहवून घेतल्या. अशा रचनांची संख्या शंभराच्या वर जाते. केवळ धनादेश देऊन ते थांबले असते, तरी कृतज्ञतेला पात्र ठरले असते. परंतु ज्या स्वरलिपीसाठी त्यांनी मानधन दिले, तीच हाती घेऊन ते वादकांसमोर उभे राहिले आणि अनोळखी संगीत तालमीतून श्रोत्यांपर्यंत नेण्याचे कष्टही त्यांनीच घेतले.

माया झाखर यांचा उल्लेख मात्र अशा लेखनात एखाद्या ओळीत उरकला जातो, याची मला खंत वाटते. त्या स्वतः शिल्पकलेचे शिक्षण घेतलेल्या होत्या आणि पहिल्या पतीच्या स्मरणार्थ त्यांनी १९३३ साली समकालीन कलेच्या संग्रहासाठी न्यास स्थापन केला होता. नव्या कलेवर भरवसा ठेवण्याची वृत्ती त्यांच्यात विवाहाआधीपासूनच होती. त्यांच्या साथीशिवाय या रचनांपैकी किती लिहिल्या गेल्या असत्या, हा प्रश्न विचारायलाच हवा. १९७३ साली स्थापन झालेल्या पॉल झाखर प्रतिष्ठानात आज स्ट्राविन्स्की यांच्यासह अनेक संगीतकारांची हस्तलिखिते अभ्यासकांसाठी जतन केलेली आहेत. शताब्दीच्या निमित्ताने आपल्या पुरवणीत या वाद्यवृंदावर लेख प्रसिद्ध होणार असेल, तर त्यात पती-पत्नी दोघांच्याही कार्याला पुरेशी जागा मिळावी, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
एक संगीतप्रेमी वाचक