नदीकाठच्या सराईतील मुख्य शेफ यांस आभारपत्र

आदरणीय शेफ,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सराईतील मुक्कामात आपण माझ्या आईच्या जेवणाची जी काळजी घेतलीत, तिच्याबद्दल आपले आणि आपल्या सहकाऱ्यांचे मनापासून आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

आईला कोळंबी, खेकडा आणि शेवंड यांची ॲलर्जी आहे. ती तिला उतारवयाकडे झुकताना जडली. या प्रकारच्या ॲलर्जीत असे पुष्कळदा घडते. या प्राण्यांच्या स्नायूंमधले ट्रोपोमायोसिन नावाचे प्रथिन बहुतेक वेळा तिच्या मुळाशी असते आणि शिजवल्याने किंवा तळल्याने त्याचा उपद्रव संपत नाही. माशांच्या ॲलर्जीला सहसा वेगळेच प्रथिन कारण असते. त्यामुळे डॉक्टरांनी तपासणी करून आईला मासे खाण्याची मोकळीक दिली आहे. हा फरक समजावून सांगणे मात्र फार कठीण जाते. कुणी ‘थोड्याने काही होत नाही’ असा धीर देते, तर कुणी मासळीचा पदार्थच नाकारते, आणि दोन्ही वेळा आई संकोचून गप्प बसते.

आपण स्वयंपाकघरातून स्वतः बाहेर आलात आणि आम्हाला न विचारता थेट तिच्याशी बोललात, याचे मोल मला सर्वाधिक वाटते. पूर्वी कोणता त्रास झाला होता, तातडीचे इंजेक्शन जवळ आहे का, कालवे आणि तिसऱ्या चालतात का, हे सारे आपण शांतपणे विचारलेत. शिंपल्यातल्या प्राण्यांमध्येही त्याच जातीचे प्रथिन असते, हे जाणणाऱ्यालाच तो शेवटचा प्रश्न सुचतो. पुढे आपण जे सांगितलेत ते कुणी सहसा सांगत नाही: तळणीचे तेल सर्व पदार्थांना एकच असल्यामुळे त्यात तळलेला बटाटासुद्धा तिने खाऊ नये, आणि माशाबरोबरचा सॉस कोळंबीच्या कवचांच्या अर्कावर बनत असल्यामुळे तोही टाळावा. आपल्या खास पदार्थातली उणीव अशी उघड सांगायला मोठा प्रामाणिकपणा लागतो.

शतकांपूर्वी भरतीची वाट पाहत थांबणाऱ्या नावाड्यांसाठी अशा सराया बांधल्या जात, तेव्हा त्यांची स्वयंपाकघरे आजच्या गर्दीचा विचार करून आखलेली नव्हती. जाड दगडी भिंतींच्या त्या अरुंद जागेत आपण वेगळी सुरी, वेगळा पाट, धुतलेला तवा आणि नवे तेल घेऊन आईचा मासा भाजलात. उकळत्या कोळंबीच्या वाफेतूनही त्रास होऊ शकतो, म्हणून आपल्या सहकाऱ्यांनी तिला स्वयंपाकघरापासून दूर, नदीकडच्या खिडकीशी बसवले. ओहोटीने उघडा पडलेला काठ पाहत ती सावकाश जेवली आणि दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पुन्हा मासा मागवला. बाहेर जेवताना तिला इतके निर्धास्त मी बऱ्याच काळात पाहिले नव्हते.

एक विनंती आहे. कोणत्या सॉसमध्ये आणि सूपमध्ये कवचांचा अर्क असतो, हे पदार्थांच्या यादीत छापता आले तर विचारायला संकोचणाऱ्या पाहुण्यांनाही ते आधीच कळेल.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
एक पाहुणी